राखण नसलेला शाळू

पौष सरत आला की आमच्या बारामतीत हुरड्याचा विषय निघतो. कालव्याखालच्या रानात आता जिकडे तिकडे ऊस झाला, पण डाळजच्या बाजूला, पुढे इंदापूरकडे, अजून शाळूचे पट्टे उभे असतात. नातू दरवर्षी विचारतो, आजोबा, येताय का. मी दरवर्षी काहीतरी कारण काढतो. कधी गुडघा, कधी खोकला. यंदा त्याने ऐकलं नाही आणि मलाही नवीन कारण सुचलं नाही, म्हणून गेलो.

बांधाच्या कडेला आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसं खुपसलेली, धूर सगळा एका अंगाला निघालेला, मंडळी चटईवर बसून शेंगदाण्याची चटणी कुणी जास्त घेतली यावरून भांडत होती. कुणीतरी माझ्या ओंजळीत गरम हुरडा चोळून ठेवला. तेवढ्यात पाखरांचा एक मोठा थवा आला आणि समोरच्या शाळूवर बसला. ताटं वाकली. कुणी उठलं नाही, कुणी हाळी दिली नाही. शेताचा मालक माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "राखणीला मानूस मिळतोय कुठं, आबा? खाऊ द्या त्येंलाबी." सगळे हसले. माझ्या ओंजळीतला हुरडा गार होईपर्यंत तसाच राहिला.

पिकलेला शाळू, वर पाखरं आणि खाली माणूस नाही, हे मी याआधी एकदाच पाहिलं होतं. सीना नदीच्या पलीकडे, मोगलाईत. ते साल तिसाच्या दशकातलं. मी पंचविशीच्या आतबाहेर होतो.

मोगलाई हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी राहिला आहे. निजामाच्या राज्याला आम्ही मोगलाई म्हणायचो. इंदापूरहून भीमा ओलांडायची, मग सरळ पूर्वेला चालत राहायचं, आणि सीना आली की इंग्रजांचा मुलूख संपायचा. पलीकडच्या काठावर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. नाणं वेगळं, पाट्या उर्दूत, कचेरीतली बोली वेगळी. माणसं मात्र आपलीच, शेतात मराठीच बोलणारी. मी जन्मलो तिथलाच. शाळेत उर्दू, घरी मराठी. वडील गेल्यावर मामाने बारामतीला आणलं, आणि पुढे तिथल्याच शाळेत फारसी शिकवायला लागलो. मुलं मला मुन्शीगुरुजी म्हणायची. मोठी माणसं नुसतं मुन्शी म्हणायची.

फारसीच्या वर्गात वर्षागणिक मुलं कमी होत होती. सगळे संस्कृतकडे वळत होते. मला शाळेत ठेवलं होतं ते खरं म्हणजे सहलीसाठी. आमच्या हेडमास्तरांना इतिहासाचं वेड होतं. नकाशावरची रेघ पोरांनी पायाखाली घालून पाहिली पाहिजे, असं ते म्हणायचे. म्हणून दर हिवाळ्यात मोठ्या वर्गातली मुलं घेऊन आम्ही मोगलाईतला एक जुना किल्ला पाहायला जात असू. बारामतीहून इंदापूरपर्यंत सर्व्हिस मोटार, तिथे धर्मशाळेत मुक्काम, आणि पुढे सोपानतात्याच्या बैलगाड्या.

सोपानतात्या इंदापूरचा गाडीवान. रुंद छातीचा, बोलायला हळू. पोरं त्याच्या गाडीत बसायला भांडायची, कारण तो बैलांशी सारखा बोलायचा आणि बैलांच्या वतीने उत्तरंही तोच द्यायचा. मला म्हणायचा, "मुन्शी, माज्या बैलांस्नी जरा मोगलाईची भाषा शिकवा. सीना वलांडली की माजं ऐकत न्हाईत." त्याची मुलगी हौसा तेव्हा आठदहा वर्षांची असेल. धर्मशाळेत भाकरीची दुरडी डोक्यावर घेऊन यायची, आणि पोरांनी चिडवलं की दुरडी खाली न ठेवताच उलटं बोलायची.

सीनेच्या पात्रात हिवाळ्यात घोट्याएवढं पाणी असायचं. सरहद्द नक्की कुठे यावरून मुलांची भांडणं लागायची. एक जण पाण्याच्या मधोमध पाय फाकवून उभा राही आणि ओरडे, "गुरुजी, माझा डावा पाय मोगलाईत आहे, त्याची फारसीची परीक्षा घ्या." हेडमास्तरसुद्धा हसायचे. पलीकडे पाय ठेवला की माझ्यात फरक पडायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. बारामतीत मी ओस पडत चाललेल्या वर्गाचा मुन्शी. सीनेपलीकडे मात्र हेडमास्तरांपासून गाडीवानापर्यंत सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे असायचे. मी बोललो की वाट मोकळी व्हायची.

माझी कामाची एक रीत होती. इकडचं तिकडे सांगताना मी त्याची टोकं घासून घ्यायचो. हेडमास्तर वैतागून म्हणत, हा माणूस आम्हाला किती वेळ उन्हात उभं करणार, झोपलाय का. मी नाक्यावरच्या माणसाला सांगायचो, साहेब म्हणतात आपल्याला फार तसदी दिली, माफी असावी. तिकडून तो म्हणायचा, या पोरांच्या कलकलाटाने डोकं उठलं, यांना लवकर पुढे घाला. मी हेडमास्तरांना सांगायचो, म्हणतात मुलं मोठी हुशार दिसतात. दोघेही खुश. मला त्यात एक चोरटा आनंद मिळायचा. वाटायचं, यात कुणाचं काय जातं. दोन माणसं माझ्या जिभेवरून एकमेकांना भेटतात आणि हसतमुखाने वेगळी होतात. आपण पुण्याचंच काम करतो आहोत अशी माझी समजूत होती.

पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं, की दोन्ही भाषा जिथे एकट्यालाच येतात तिथे साक्षीदार नसतो. तराजूही त्याचा आणि मापही त्याचंच.

त्या वर्षी सहल निघायच्या आधीपासून कुरकुर चालू होती. पोरं परमुलखात कशाला न्यायची, इकडे किल्ले काय कमी आहेत, असं शाळेच्या कमिटीतले लोक बोलू लागले होते. इंदापूरच्या धर्मशाळेत जेवणं झाल्यावर हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मुन्शी, यंदा काही अडचण आली, वाटेतून परत फिरावं लागलं, तर पुढच्या वर्षी मला कुणी निघू देणार नाही. पुढचं ते बोलले नाहीत. पुढचं मला ठाऊक होतं. सहल नसेल तर मुन्शीची गरज काय.

भीमा नावेने ओलांडली. तो उतार, ते नावेचं ठिकाण आता धरणाच्या पाण्याखाली आहे. मोटार तिथून जाते तेव्हा शेजारचा माणूस म्हणतो बघा केवढा समुद्र झालाय, आणि मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करतो. पुढे दोन्ही बाजूंना शाळू होता. पुरुषभर उंच, दाणा भरलेला. माळ्यांवर, म्हणजे रानातल्या मचाणांवर, उभी राहून बाया-पोरं पाखरं हाकत होती. गोफणीचा फटका, मग हाळी, मग दूरच्या रानातून त्या हाळीला उत्तर. आमची मुलंही गाडीतून ओरडून उत्तर द्यायची. दिवसभर तो आवाज सोबतीला होता. इतका, की तो आहे हे जाणवतही नव्हतं.

सीना ओलांडून नाक्यावर आलो. जमादार नवीन होता, खुद्द हैदराबादेकडचा, उर्दूशिवाय एक अक्षर न येणारा. रीतीप्रमाणे मी एकटा छपरात गेलो. त्याने मला बसवलं. किती मुलं आहेत विचारलं, केवढी आहेत विचारलं, आणि मग आवाज खाली आणून सांगितलं की पुढच्या गावात ताऊन आहे.

ताऊन म्हणजे प्लेग. गाठीचा ताप. उंदीर पडू लागले तसं कचेरीच्या हुकमाने गाव खाली केलं, म्हणाला. जी माणसं दगावली तीही त्याने सांगितली, नावांनिशी. बाकीचं गाव दूर माळावर झोपड्या घालून राहिलं आहे. त्या गावात पाऊल टाकू नका, तिथल्या घराला, कपड्याला, धान्याला हात लावू नका. नदीकाठाने आडवाट आहे, लांबची आहे, तिने जा. पण माझं ऐकाल तर इथूनच मुलं परत न्या. मलाही मुलं आहेत, असं शेवटी म्हणाला.

एवढं सांगून त्याचं समाधान झालं नाही. तो माझ्यामागे बाहेर आला, हेडमास्तरांसमोर उभा राहिला, हातातली काठी पुढच्या गावाच्या दिशेने धरली आणि सगळं पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य तोडून, जणू सावकाश बोलल्याने त्यांना कळणार होतं. त्या आडवाटेला दिवस मोडला असता, किल्ला राहिला असता. आणि हेडमास्तर प्लेगचं नाव ऐकून आडवाटेनेही गेले नसते. गाड्या तिथेच वळल्या असत्या.

"काय म्हणतात?" हेडमास्तरांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "म्हणतात, पुढच्या गावातली माणसं सुगीसाठी रानात राहायला गेलीत. गाव रिकामं आहे, सोय होणार नाही, सांभाळून जा."

"एवढंच? चेहरा तर फार गंभीर दिसतो."

"त्यांची बोलायची तऱ्हाच तशी आहे."

हेडमास्तरांनी जमादाराला हात जोडले. मी जमादाराला उर्दूत सांगितलं, साहेब आपले आभारी आहेत, आम्ही आडवाटेनेच जातो. जमादाराने छातीवर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो.

मनात मी हिशेब जुळवला होता. गावात शिरायचंच नाही. वेशीबाहेर मारुतीचं देऊळ आहे, उघड्यावर आहे, तिथे रात्र काढायची आणि उजाडताच पुढे निघायचं. रोग घरात असतो, मोकळ्यावर कुठून येणार. म्हणजे मी खोटं बोललो तरी कुणाचं वाईट होऊ देणार नव्हतो. खोटं बोलणारा माणूस किती काळजीवाहू असतो हे मला त्या दिवशी कळलं.

दिवस कलला तसं ते गाव जवळ येऊ लागलं. आधी गोफणी थांबल्या. कधी थांबल्या हे कुणाला सांगता आलं नसतं, पण गाडीतली मुलं आपोआप गप्प झाली. दोन्ही अंगाला शाळू उभा होता, आमच्या बाजूच्यापेक्षा चांगला, आणि त्यावर पाखरं बसली होती. माळे मोकळे होते. एका माळ्यावर कुणाची तरी गोफण लोंबत होती. पाखरं आम्हाला बघूनही उडत नव्हती. पुढे वेस दिसली, मागे घरांची धाबी दिसली. दिवेलागण व्हायला आली होती आणि एकाही घरातून धूर निघत नव्हता. एकही कुत्रं भुंकलं नाही. फार दूर, माळावर, ओळीने पालं दिसत होती आणि तिथे मात्र धुराच्या बारीक रेघा होत्या.

सोपानतात्या खाली उतरून बैलांच्या पुढे चालत होता. तो थांबून माझ्याजवळ आला. "मुन्शी, सुगी हाय म्हनता. मंग रानात मानूस का न्हाय?"

मी म्हणालो, "जमादारानेच सांगितलं, तात्या."

तो बैलांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "मंग ठीक हाय. तुमी इचारलंय म्हंजी झालं."

आयुष्यात माझ्यावर पुष्कळांनी विश्वास टाकला. विद्यार्थ्यांनी, बायकोने, मुलांनी. पण त्या शब्दांचं ओझं कशालाच आलं नाही. त्याच्या डोळ्यांना दिसत होतं ते त्याने माझ्या शब्दाखातर खोटं ठरवलं.

त्या रात्रीच्या थंडीची तयारी आमच्यापाशी नव्हती. पांघरुणं होती ती इंदापूरच्या थंडीच्या मापाची. देवळाला तिन्ही बाजूंनी भिंत नव्हती. शेकोटी केली तरी पाठ गार. एक लहानखुरा मुलगा होता, त्याचे दात वाजायला लागले ते थांबेनात. हेडमास्तर अस्वस्थ झाले. म्हणाले, चूक झाली यांना आणण्यात. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी त्या माळावरच्या लोकांकडे जाऊन चार घोंगड्या मागून आणतो, माणुसकी असेल तर नाही म्हणणार नाहीत.

त्या पालांमधली माणसं मराठी बोलणारी होती. हेडमास्तर त्यांच्यापर्यंत पोचले असते तर पहिल्या वाक्यात सगळं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, तुम्ही बसा, गाड्यांत काही पोती असतील तर मी बघतो. आणि देवळाच्या मागे गाड्या सोडल्या होत्या तिथे जाऊन सोपानतात्याला म्हणालो, "वेशीजवळच्या पहिल्या घरात बघा, काही वाकळ-बिकळ असेल ती आणा. सकाळी परत ठेवू."

"दुसऱ्याच्या घरात कसं जायाचं?" तो म्हणाला.

"मी सांगतो ना. मी त्या घरवाल्यांशी बोलेन उद्या."

तो गेला. मी तिथे उभा राहून वेशीकडे बघत होतो. आत कवाडाचा आवाज झाला. एवढ्या शांततेत तो आवाज देवळापर्यंत गेला असावा, असं वाटलं. तो बराच वेळ आला नाही. मग आला, खांद्यावर दोन वाकळा. काळोखात त्यांचे रंगही दिसत नव्हते.

शेकोटीच्या उजेडात येताच हेडमास्तरांनी विचारलं, या कुणाच्या. तात्या म्हणाला, त्या घरातल्या. हेडमास्तरांचा राग मी सहसा पाहिला नव्हता. "कुणाला न विचारता? परमुलखात, मुलांच्या देखत, रिकाम्या घरात चोरी करतोस?"

तात्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा माणूस दोन भाषा येणाऱ्याकडे बघतो तसं, की आता तुम्ही सांगा. मुलंही बघत होती. एक वाक्य पुरं होतं. मी पाठवलं. पण त्या वाक्यामागून दुसरं आलं असतं, का पाठवलंस, आणि मग तिसरं. मी खाली वाकून शेकोटी फुंकायला लागलो.

"चुकलं, साहेब," तात्या म्हणाला. "ठिवून येतो." आणि तो पुन्हा त्या घरात गेला.

पहिल्यांदा तो माझ्या शब्दाने गेला. दुसऱ्यांदा माझ्या गप्प बसण्याने. इतकी वर्षं मी स्वतःला विचारतो आहे की गाठ कुठल्या खेपेला चिकटली. उत्तर मिळालं तरी फरक पडत नाही, दोन्ही खेपा माझ्याच आहेत.

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. मुलं तोफांवर चढली, खंदकात दगड टाकले. मी दरवाज्यावरचा फारसी लेख वाचून दाखवला, नेहमीपेक्षा जास्त सजवून. कुणाच्याही चेहऱ्यावर आदल्या रात्रीचं काही नव्हतं. परतताना मी काहीतरी बहाणा काढून गाड्या आडवाटेने घातल्या. नाक्यावर जमादाराने विचारलं, त्या गावाजवळ थांबला नव्हता ना. मी म्हणालो, नाही. त्याने एका मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि देवाचे आभार मानले.

परतीच्या वाटेवर मी मुलांना झोपू दिलं नाही म्हटलं तरी चालेल. या ना त्या निमित्ताने कपाळाला हात लावायचो. कुणी खोकलं की उतरून त्याच्या गाडीपाशी जायचो. मुलं आपसात म्हणू लागली की मुन्शीगुरुजी यंदा आईसारखं करतात. एकाही मुलाला काही झालं नाही. भीमेच्या काठावर नावेची वाट बघत होतो तेव्हा मागच्या गाडीतून हाक आली की तात्या उठत नाहीत. तो जूच्या मागे गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मी हात लावला. अंगातून वाफ निघत होती. काखेत हात दाबून धरला होता आणि तो हात काढू देत नव्हता. "झोप लागली हो जरा," एवढंच म्हणाला. बैलांना वाट माहीत होती म्हणून इंदापूर आलं.

पुढचं इंदापुरात घडलं. त्याला गावाबाहेर माळावर खोपटात नेऊन ठेवलं. बायको त्याच्याजवळ राहिली, हौसाला कुणाकडे तरी धाडलं. त्याच्या आळीतली घरं खाली करवली. ज्यांना ऐन थंडीत लेकरांना घेऊन उघड्यावर जावं लागलं ते तळतळून बोलत होते. रोग आला कुठून याची चौकशी चावडीवर झाली. हेडमास्तर सरळ मनुष्य. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, की पलीकडे एका रिकाम्या घरात हा शिरला होता, वाकळा चोरल्या होत्या, आम्ही परत ठेवायला लावल्या. मग त्यांनी माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "मुन्शी, जमादार प्लेगबद्दल काही बोलला होता का?"

चावडीत उर्दू येणारं कुणी नव्हतं. असतं तरी त्या नाक्यावर नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

सोपानतात्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी गेला. लांबूनच सोपस्कार झाले. मी बारामतीत होतो. बातमी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने आणली, आणि ती अशी आणली: तो चोर गाडीवान गेला म्हणे. चोरीची वाकळ अंगाला लागली. ज्या सहलीसाठी मी हे केलं ती पुन्हा कधी निघाली नाही. फारसीचा वर्ग बंद झाला. मला मराठी शिकवायला दिलं आणि त्याच शाळेतून मी पुरी नोकरी करून निवृत्त झालो. माझं काहीच गेलं नाही. माझी शिक्षा कधीसाठी राखून ठेवली आहे ते कळत नाही, असं पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटतं, काहीच गेलं नाही हीच शिक्षा असावी.

मी कधीच बोललो नसतो. हेडमास्तर गेले, जमादाराचं काय झालं ते ठाऊक नाही. पण गेल्या वर्षी शाळेच्या समारंभात त्या सहलीतला एक विद्यार्थी, आता स्वतः पांढऱ्या केसांचा, भाषणाला उभा राहिला. त्याने नदीतला डावा पाय सांगितला, तोफा सांगितल्या, सभा हसली. मग म्हणाला, आमचा गाडीवान रात्री वाकळा चोरायला गेला आणि प्लेग घेऊन आला, करावं तसं भरावं. त्यावरही सभा हसली. मी व्यासपीठावर पहिल्या खुर्चीत बसलो होतो. त्याने भाषण संपवून माझ्या पायाला हात लावला.

हुरडा खाऊन परतताना नातवाला म्हटलं, गाडी इंदापूरला घे. हौसा तिथेच आहे हे मला माहीत होतं. माणूस ज्याला टाळत असतो त्याचा पत्ता त्याला कायम ठाऊक असतो. ती ओट्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होती. साठी कधीच उलटलेली. मी कोण हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "मुन्शी? लई थकला की तुमी." आणि सूप चालूच ठेवलं.

मी सांगायला सुरुवात केली. जमादार तेव्हा जरा काळजीच्या सुरात बोलला होता, असं म्हणालो. आणि माझ्या लक्षात आलं की मी टोकं घासतो आहे. एवढ्या वर्षांनी, या ओट्यावर, तिच्या समोरसुद्धा.

तिच्याही लक्षात आलं असावं. "आडून बोलू नगा," ती म्हणाली. "काय ते नीट सांगा."

मग सरळ सांगितलं. गावात प्लेग आहे हे मला माहीत होतं. तुझ्या वडिलांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. वाकळा आणायला मी पाठवलं, दुसऱ्याच्या घरात कसं जायचं असं ते म्हणाले होते. त्यांना चोर म्हटलं तेव्हा मी गप्प राहिलो, आणि चावडीवर पुन्हा खोटं बोललो.

सूप थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कोंबडी येऊन सांडलेले दाणे टिपू लागली, तिला हाकललंही नाही. मग म्हणाली, "आई मरस्तवर म्हनायची, त्यो दुसऱ्याच्या दाराला हात लावनारा न्हवं. आमीच तिला गप करायचो. म्हनायचो, आये, नगं बोलू, मानसं हसत्यात."

मी म्हणालो, हे मी लिहून छापणार आहे, सगळ्यांना कळेल असं. इंदापुरातही, बारामतीतही. ती म्हणाली, "छापा. आईला तर काय आता ऐकू यायचं न्हाय." त्यात टोमणा नव्हता. मला टोमणा चालला असता.

नातू गाडीशी उभा होता. मी काठी टेकून उठलो. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या वाकळा. त्येनं माघारी ठिवल्या न्हवं?"

"ठेवल्या."

"घडी घालून ठिवल्या असत्याल. त्येला तशी सवय व्हती. हातरून कदी तसंच टाकायचा न्हाय."

ती वाट बघत होती. हो, घडी घालून, नीट, एकावर एक, असं म्हणणं माझ्या जिभेवर तयार होतं. त्याने तिला बरं वाटलं असतं, आणि ते खोटं आहे हे जगात कुणालाच कळलं नसतं.

"मी पाहिलं नाही, हौसा," मी म्हणालो. "मी शेकोटी फुंकत होतो."